सहाशे चिठ्ठ्या

“ओ दादा, ह्यातली महत्त्वाची कुठली तेवढी सांगा. तेवढीच द्या.”

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून मला बावीस वर्षे झाली. आधी बेळगावात शहापूरला, आता खानापूर तालुक्यात. या बावीस वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडलेले वाक्य हेच. चिठ्ठी माझ्या हातात, माणसाच्या मुठीत तीनशे-चारशे रुपये आणि बिल होणार हजाराच्या घरात. मी डॉक्टर नाही. त्याला तपासले तेव्हा मी तिथे नव्हतो. तरी काय न्यायचे आणि काय सोडायचे हे मलाच सांगावे लागते, कारण मागे रांग असते आणि त्याची शेवटची बस सुटायची वेळ झालेली असते.

गेल्या पावसाळ्यातली एक चिठ्ठी सांगतो. कणकुंबीकडचे एक मामा, वय साठीच्या पुढे. चार दिवस ताप, सर्दी, अंग मोडून आलेले. चिठ्ठीवर आठ ओळी, सगळी ब्रँडची नावे; आतली औषधे सांगतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या. तापाला पॅरासिटामॉल. अंगदुखीला अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज एकत्र असलेली गोळी. सर्दीला माँटेलुकास्ट-लिव्होसिट्रिझिन. पोटाला पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोन. खोकल्याची बाटली. मल्टिव्हिटॅमिनच्या पंधरा गोळ्या. शेवटी प्रोटीन पावडरचा डबा. सुई दवाखान्यातच झाली होती, तिचे पैसे तिथेच दिलेले. माझ्याकडचे बिल ११४० रुपये झाले. मामांजवळ ४०० होते.

पॅरासिटामॉल दोन ओळींत दोनदा आले होते, हे मामांना कळण्याचे कारण नव्हते. त्यांना बीपी आहे, त्याची गोळी दोन दिवसांपूर्वी संपली आहे, हे बोलता बोलता निघाले. चिठ्ठीत त्याचा उल्लेख नव्हता. अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढू शकते, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि साठीपुढच्या माणसाला ते अधिक भोवते. दवाखान्यात फोन लावला, डॉक्टर निघून गेले होते. अँटिबायोटिक लागते की नाही हा निर्णय माझा नव्हे. पण अर्धे नेले तर अपायच जास्त, म्हणून तिन्ही गोळ्या दिल्या. पॅरासिटामॉल दिली. बीपीची जुनी चिठ्ठी खिशात होती, त्यावर पंधरा दिवसांची गोळी दिली. बाकी सहा ओळी तशाच राहिल्या. मामा “बरं झालं बघा” म्हणून गेले, आणि मला रात्री जेवण गेले नाही.

त्या डॉक्टरांशी माझे वैर नाही. एका चिठ्ठीवरून कुणाला दोषी धरू नये, हेही मला कळते. एखाद्या रुग्णाला खरोखर आठ औषधे लागत असतील. पण त्या दवाखान्यात रोज येणाऱ्या पन्नास जणांपैकी किती जणांना आठ ओळी मिळतात? किती जणांना अँटिबायोटिक? किती जणांना सुई? ही सवय आहे की त्या दिवसाची गरज होती? हे एका चिठ्ठीत दिसत नाही. चिठ्ठ्या एकत्र ठेवून मोजल्या तरच दिसते. आणि सीमाभागातल्या आपल्या तालुक्यांत ते कुणीच मोजत नाही. ना सरकार, ना डॉक्टरांची संघटना, ना आम्ही दुकानदार, ना गावाचे पुढारी. माझे म्हणणे एवढेच आहे की चिठ्ठ्या मोजायला हव्यात आणि आलेले आकडे लोकांसमोर मांडायला हवेत.

पैसे कुठे जातात ते आधी सांगतो, कारण ते काउंटरमागून जसे दिसते तसे पुढून दिसत नाही.

आमच्या धंद्यात मालाचे दोन ढीग असतात. एकाला आम्ही ‘एथिकल’ म्हणतो, म्हणजे ज्याचा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांकडे जाऊन प्रचार करतो आणि जे चिठ्ठीवर नावानिशी येते. दुसरा ढीग ‘जेनेरिक’. इथे गिऱ्हाईक फसते. त्याला वाटते जेनेरिक म्हणजे स्वस्त. आमच्या होलसेलच्या यादीत जेनेरिक म्हणजे ज्याच्यावर दुकानदाराला सुटतात जास्त. दहा गोळ्यांचे पाकीट मला बारा-पंधरा रुपयांना पडते, त्यावर छापील किंमत ऐंशी-नव्वद असते. त्यावर वर ‘दहावर दोन’ फुकट अशी स्कीम. छापील किमतीवर वीस टक्के सूट दिली तरी गिऱ्हाईक खूश आणि दुकानदार त्याहून खूश. ज्या औषधांवर सरकारची कमाल किंमत लागू आहे तिथे दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला आहे, बाकीच्यांवर रिवाजाने २०. पण हे आकडे एथिकल मालाचे. या दुसऱ्या ढिगात टक्केवारी शेकड्याच्याही पलीकडे जाते, आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेतले नाही म्हणून कायदाही मोडत नाही.

कमाल किमतीचे गणितही समजून घ्यावे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरते. ती उत्पादनाच्या खर्चावरून ठरत नाही. बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे. बाजारच महाग असेल तर सरासरीही महाग निघणार. त्यावर दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढ. एप्रिल २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांवर गेली होती. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. चिठ्ठीत यादीबाहेरची मिश्रणे, टॉनिके आणि पावडरी जितक्या जास्त, तितके बिल या कमाल किमतीच्या हाताबाहेरचे. मामांच्या आठ ओळींपैकी अत्यावश्यक यादीतल्या ओळी दोनच होत्या.

आणि तिसरा एक प्रकार आहे, ज्याबद्दल आमच्यात सगळ्यांना माहीत असते आणि बोलत कुणी नाही. छोट्या कंपन्या हिमाचलातल्या बद्दी नाहीतर हरिद्वारच्या दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यातून माल बनवून घेतात, त्यावर आपले नाव छापतात, आणि ते नाव एका तालुक्यापुरते, कधी कधी एका दवाखान्यापुरतेच चालवतात. ती चिठ्ठी घेऊन माणूस अख्ख्या खानापुरात फिरला, बेळगावच्या खडेबाजारापर्यंत गेला, तरी त्या नावाची गोळी मिळत नाही. मिळते ती दवाखान्याला लागून असलेल्या दुकानात. आतले औषध तेच साधे, कुठेही मिळणारे. पण चिठ्ठीवर मूळ नाव, म्हणजे ब्रँडचे नव्हे तर आतल्या औषधाचे नाव, नसल्यामुळे माणसाला ते कळायला मार्ग नाही, आणि दुसरा दुकानदार “हे इथं मिळत नाही” एवढेच म्हणू शकतो. लोक परत येतात आणि अभिमानाने सांगतात, आमच्या डॉक्टरांचं औषध बाहेर कुठं मिळतच नाही!

सीमाभागात याचा त्रास दुप्पट होतो. आपली माणसे उपचारासाठी राज्याची हद्द पाहत नाहीत. निपाणीचा माणूस कोल्हापूरला नाहीतर मिरजेला जातो. चंदगडचा बेळगावात येतो. लोंढा, गुंजीकडचे लोक बांबोळीला गोव्याच्या सरकारी रुग्णालयात जातात. मोठ्या डॉक्टरांनी बांधून दिलेली चिठ्ठी घेऊन ती घरी येतात, आणि महिन्याने माझ्यासारख्याच्या दुकानात उभी राहतात. कोल्हापुरात चालणारे ब्रँडचे नाव इकडे पोचलेलेच नसते. त्यात कुठले औषध आहे ते शोधायला अर्धा तास जातो, कधी चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही, कधी एका अक्षराच्या फरकाने दोन वेगळी औषधे निघतात. निपाणीच्या विडी कामगार बायका दम्याचा पंप शोधत तीन दुकाने फिरतात आणि शेवटी घरी जाऊन तशाच धाप लागलेल्या बसतात. मूळ नाव लिहिलेले असेल तर ते कोल्हापुरात, बेळगावात, बांबोळीत सारखेच.

या भागातल्या राजकारणाला आरोग्याचा विषय नवा नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दरम्यान दोन्ही सरकारे आपापली कार्डे वाटताहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. त्यावरून केवढा गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. दोन्ही योजनांचे मोल मी कमी लेखत नाही. ज्याच्या घरी अँजिओप्लास्टी झाली त्याला विचारा. पण दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहेत. रोजच्या बीपीची, साखरेची, दम्याची गोळी, आणि चार दिवसांच्या तापाची चिठ्ठी या कार्डांवर बसत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला असे राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. चांगली गोष्ट आहे. तरी उरलेल्या खर्चात औषधांचा भार मोठा आहे, आणि तो माझ्या काउंटरवर सुट्या नोटांनी भरला जातो. त्यावर भांडायला बंगळूरचा नेता येत नाही, मुंबईचाही येत नाही.

आता डॉक्टरांची बाजू. ती खरी आहे आणि मला ती मांडल्याशिवाय पुढे जायचे नाही.

गावातला डॉक्टर शंभर-दीडशे रुपये फी घेतो. त्यातून भाडे, कंपाउंडरचा पगार, वीज, बँकेचा हप्ता. त्याने दहा मिनिटे बसून सांगितले, की हा विषाणूचा ताप आहे, पाणी प्या, विश्रांती घ्या, पॅरासिटामॉल घ्या, तीन दिवसांनी दाखवा, तर बाहेर पडताना आपण म्हणतो, “काय केलं ओ ह्यानं? सुई नाही, काही नाही.” दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दवाखान्यात जाऊन सुई आणि सलाईन घेऊन येतो. सल्ल्याचे पैसे द्यायची आपली तयारी नाही, आणि सुईचे पैसे विनातक्रार देतो. मग डॉक्टर सुई देतो. याला आपणही जबाबदार आहोत, हे मी माझ्या घरातल्या माणसांनाही सांगत असतो.

दुसरा मुद्दा औषधाच्या दर्जाचा. सरकारने मूळ नावाने लिहायला सांगितले की डॉक्टर विचारतात, मग दुकानदार कुठल्या कारखान्याची गोळी देईल याची हमी कोण घेणार? हा प्रश्न पोकळ नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी जाहीर करते. त्यात छोटी नावे असतात तशी मोठीही असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि संशय सलाईनच्या बाटलीवर गेला, हे कर्नाटकातल्या कुठल्याही डॉक्टराने विसरावे कसे? आणि मूळ नाव लिहिले की निवड डॉक्टरांच्या हातून दुकानदाराच्या हातात येते, हेही खरे. दुकानदार म्हणून सांगतो: ज्याच्यावर जास्त सुटतात ते पाकीट काढण्याचा मोह होतो. मलाही झाला आहे, आणि मी त्याला बळीही पडलो आहे.

म्हणून नुसता हुकूम काढून हे सुटत नाही. त्याचा इतिहासच आहे. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने आपल्या नियमांत दुरुस्ती केली, की प्रत्येक डॉक्टराने औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो ठळक मोठ्या अक्षरांत लिहावे. मी वाट पाहिली. माझ्या दुकानात येणाऱ्या चिठ्ठ्यांत फरक पडला नाही. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तेच शिक्षेसह सक्तीचे केले, डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि तीन आठवड्यांत नियम स्थगित झाले. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी, सहली देऊ नयेत म्हणून २०१५ पासून संहिता आहे, मार्च २०२४ मध्ये ती नव्याने आली. तक्रार ऐकायची ती कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांनी. मिश्र गोळ्यांवर बंदी २०१६ मध्ये आली ३४४ प्रकारांवर, २०१८ मध्ये ३२८, २०२४ मध्ये १५६. बंदीनंतर माझ्या कपाटात काय झाले? पाकिटावरचे नाव तेच राहिले, आतले मिश्रण बदलले, आणि चिठ्ठीवर जुनेच नाव येत राहिले. लोकांना वाटते तीच गोळी चालू आहे.

जनऔषधी केंद्रांचेही तसेच. ही योजना २००८ ची. आज देशभर १५,००० वर केंद्रे आहेत, आणि बीपीच्या टेल्मिसार्टनच्या दहा गोळ्या तिथे पंधरा रुपयांच्या आत मिळतात. मी त्या केंद्रांच्या बाजूचा आहे, माझा धंदा त्यांच्याकडे जात असला तरी. पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल आणि माणसाला मूळ नाव माहीत नसेल, तर तो केंद्राच्या दारावरून सरळ पुढे जातो. मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी रुग्णालयांच्या आवारातली अशी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. कारण दिले, की रुग्णालयात औषध फुकटच मिळायला हवे. तत्त्व बरोबर आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादात दोन्ही बाजूंनी जोरजोरात बोलले गेले, पण जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत शंभरांपैकी किती चिठ्ठ्यांवर बाहेरून आणायचे औषध असते, तो आकडा कुणी टेबलावर ठेवल्याचे मी ऐकले नाही.

इथे मला इंग्लंडचे उदाहरण द्यावेसे वाटते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत माणूस आपले नाव एका दवाखान्यात नोंदवतो. असे सहा हजारांवर दवाखाने आहेत. त्यातल्या प्रत्येक दवाखान्याने महिन्यात कुठले औषध किती लिहिले, त्यावर किती खर्च झाला, हे दर महिन्याला जाहीर होते. रुग्णाचे नाव त्यात नसते. ऑक्सफर्डमधल्या बेन गोल्डेकर या डॉक्टर-संशोधकाच्या गटाने २०१५ मध्ये हे आकडे साध्या आलेखांत मांडणारी जागा उभी केली. आपला दवाखाना महागडा ब्रँड इतरांपेक्षा जास्त लिहितो का, अँटिबायोटिक जास्त लिहितो का, हे तिथला शिक्षक, पेन्शनर, वार्ताहर, कुणीही बघू शकतो. मुख्य म्हणजे डॉक्टर स्वतः बघू शकतो. बहुतेक डॉक्टरांना आपण शेजाऱ्यापेक्षा वेगळे लिहितो हे ठाऊकच नसते. कळल्यावर बरेच जण आपणहून बदलतात.

ते का मोजतात? तिथे रुग्ण औषधामागे ठरलेली रक्कम भरतो, सध्या ९ पौंड ९० पेन्स, आणि बहुतेक औषधे तर काहीच न भरता दिली जातात. गोळी महाग असो की स्वस्त, फरकाचा भार सरकारी तिजोरीवर. म्हणजे डॉक्टरांनी महाग लिहिले की सरकारला दुखते. आपल्याकडे महाग लिहिले की दुखते मामांना. पैसे सरकारचे तिथे सरकार मोजते, पैसे मामांचे तिथे मोजायला कुणी नाही. मामा मोजतात ते फक्त मुठीतले.

एक ताजे उदाहरण. साखरेवरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. साठ रुपयांच्या घरातली गोळी काही कंपन्यांनी सहा रुपयांच्या आत आणली. महिन्याचे अठराशे रुपये दोनशेच्या आत येऊ शकत होते. पण ज्यांच्या चिठ्ठीवर जुने नाव होते ते कित्येक महिने जुन्याच नावाने नेत राहिले. ज्यांना मी सांगितले त्यांतल्या काहींनी ऐकले, काही म्हणाले, “डॉक्टरनी लिवलंय तेच द्या की.” त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. विश्वास डॉक्टरांवर ठेवायचा असतो, दुकानदारावर नव्हे. चिठ्ठ्यांची मोजणी असती तर तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरासमोर दोन महिन्यांत हा फरक आकड्यांत दिसला असता.

मोजायचे कसे, हेही नव्याने शोधायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच त्याची पद्धत पुस्तकात घालून दिली आहे. वीस दवाखाने निवडायचे, प्रत्येकाच्या तीस भेटींच्या चिठ्ठ्या, एकूण सहाशे. प्रत्येक चिठ्ठीवर पाच गोष्टी पाहायच्या: औषधे किती, त्यांतली मूळ नावाने किती, अँटिबायोटिक आहे का, सुई आहे का, आणि अत्यावश्यक यादीतली किती. बस्स. एका भेटीला सरासरी दोनच्या आसपास औषधे असावीत, असा साधारण दंडक अभ्यासक धरतात. यात रुग्णाचे नाव लागत नाही, आजाराचा तपशीलही लागत नाही. माझी भर एवढीच, की सहावा रकाना बिलाचा ठेवावा आणि सातवा, माणसाने प्रत्यक्षात किती ओळी नेल्या याचा.

भाषेचा रकानाही हवा. ‘गोळी कशी घ्यायची ते रुग्णाला सांगता येते का’ हे त्याच संघटनेच्या मोजमापात आहे, मी माझ्या पदरचे काही घालत नाही. कन्नड विकास प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी २०२४ मध्ये सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठी कन्नडमध्ये लिहावी असे सुचवले होते. आपल्याकडे त्यावर लगेच मोर्चाची भाषा झाली. मला वाटते औषधाचे नाव सुवाच्य असावे, आणि घेण्याची रीत ज्या माणसाला गोळी गिळायची आहे त्याच्या भाषेत असावी: मराठी माणसाला मराठीत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये, उर्दू बोलणाऱ्याला उर्दूत. मी पाकिटावर मराठीत ‘सकाळी जेवणानंतर’ लिहितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढतो. याला कुठल्याच सरकारची परवानगी लागलेली नाही.

मोजणार कोण? साधन दुकानात आहेच. मार्च २०१४ पासून एच-वन यादीतली औषधे, म्हणजे सेफिक्झिमसारखी जोरदार अँटिबायोटिके, क्षयाची औषधे, झोपेच्या काही गोळ्या, विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते आणि वही तीन वर्षे जपावी लागते. प्रत्येक मेडिकलात ही वही आहे. औषध निरीक्षक येतो तेव्हा ती भरली आहे की नाही एवढेच पाहतो. त्या वह्या एकत्र करून बेळगाव जिल्ह्यात कुठल्या भागात कुठले अँटिबायोटिक किती खपते हे काढणे एका उन्हाळ्याचे काम आहे. शहरात बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसरी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, फार्मसीची महाविद्यालये आहेत. त्यांतल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. सरकारी दवाखान्यांत चिठ्ठ्यांची तपासणी करण्याची रीत तर राष्ट्रीय आरोग्य अभियानाने घालून दिलेली आहे. तिचे निष्कर्ष तालुका पंचायतीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? तिथे खर्च जनतेचा आहे, तेव्हा केंद्राच्या नावासह लावावेत.

खासगी दवाखान्यांची नावे पहिल्या वर्षी जाहीर करू नयेत, असे माझे मत आहे. काही मित्रांना हे भित्रेपणाचे वाटते. पण डॉक्टर बिथरले तर चिठ्ठ्याच मिळणार नाहीत, आणि जो एकटा डॉक्टर पावसात नदी ओलांडून गावात येतो त्याला आपण घालवून बसू. पहिल्या वर्षी प्रत्येक डॉक्टराला बंद पाकिटात त्याचे स्वतःचे आकडे आणि तालुक्याची सरासरी द्यावी. लोकांना सरासरी सांगावी. दुसऱ्या वर्षी जे डॉक्टर संमती देतील त्यांची नावे. माझी खात्री आहे, चांगले लिहिणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत आणि तेच आधी पुढे येतील. नंदगडच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठ्या मी वर्षानुवर्षे पाहतो: दोन ओळी, कधी तीन, अक्षर मोत्यासारखे, खाली ‘बरे न वाटल्यास गुरुवारी या’. त्यांच्या दवाखान्यात गर्दी कमी असते. लोकांना आकडे कळले तर ती वाढेल.

दुकानदारांनाही यात मोकळे सोडू नये. मूळ नावाची चिठ्ठी आली की मी कुठले पाकीट काढले आणि त्याहून स्वस्त कुठले दुकानात होते, हेही बिलावर यावे. माझ्या बिलावरही.

आपल्या गल्लोगल्लीची गणेशोत्सव मंडळे आरोग्य शिबिरे घेतात, बीपी-साखर फुकट तपासतात. त्याच मांडवात एक टेबल जास्त टाकता येईल: घरातल्या जुन्या चिठ्ठ्या आणा, नावावर कागद लावून फोटो काढू, परत न्या. अनगोळपासून उचगावपर्यंत, खानापूरपासून निपाणीपर्यंत मंडळे मोजली तर सहाशेचा आकडा दीड दिवसाच्या गणपतीतच पुरा होईल.

मी वही घातली आहे. पहिली नोंद त्या कणकुंबीच्या मामांची. ओळी आठ. मूळ नावाने शून्य. अँटिबायोटिक आहे. सुई आहे. अत्यावश्यक यादीतल्या दोन. बिल ११४०. नेल्या दोन, आणि चिठ्ठीत नसलेली बीपीची गोळी.